आधी चालता करा, मग देखणा

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"वडिलांचा १९६२ सालचा टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक आमच्या परड्यात शेडखाली आहे. कऱ्हाड स्टेशनवरून कोयना धरणाला सिमेंट, पुढं कारखान्याला ऊस आणि शेवटी शेवटी वीट-वाळू, असं त्यानं आयुष्य काढलं. वडील गेल्यावर २०११ मध्ये मी तो पहिल्यासारखा करायला घेतला. ओळखीच्या मेस्त्रींना हाताशी धरून केबिन उतरवली, इंजिन बाहेर काढलं, गिअरबॉक्स खोलला, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) घासून रंगवली. तीन वर्षांनी मेस्त्री वारले, मुलांची शिक्षणं आली आणि काम थांबलं ते थांबलंच. आता शाळेतून निवृत्त झालोय. इंजिन जाम आहे. नट-बोल्ट डालड्याच्या डब्यांत आहेत, पण कुठले कशाचे ते मेस्त्रींनाच माहीत. अर्धं सामान माडीवर आहे, त्यावरून घरात रोज बोलणी खातो. मुलगा म्हणतो, नवं टर्बो इंजिन आणि पॉवर स्टेअरिंग बसवा. धाकटा भाऊ म्हणतो, हायवेवरचा एक हॉटेलवाला दारात शोभेला ठेवायला मागतोय, देऊन टाक. पासिंग संपून जमाना झाला. सध्या एक चांगला सुतार मिळालाय, म्हणून केबिनपासून सुरुवात करावी म्हणतो. बरोबर आहे का? आणि पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा लावू की टाटाचा 'टी'?"

— एक निवृत्त शिक्षक, कऱ्हाड तालुका

गुरुजी, नमस्कार.

सुतार मिळालाय ही आनंदाची गोष्ट आहे. त्याला चहा पाजा, फोन नंबर घेऊन ठेवा आणि वर्षभर तरी कामाला लावू नका.

तुमचा ट्रक मेस्त्री गेल्यामुळं थांबला असं तुम्ही लिहिलंय. पण पत्र वाचताना दिसतं ते निराळंच. केबिन उतरवली, इंजिन काढलं, गिअरबॉक्स खोलला, चासी रंगवली. चार ठिकाणी काम उघडलं आणि एकही बंद झालं नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. मेस्त्री असते तरी ही गाडी अडकलीच असती, फक्त आणखी दोन-तीन वर्षांनी. आता केबिन हाती घेतलीत की पाचवं काम उघडेल. सहा महिन्यांनी नवीकोरी सागवानी केबिन शेडमध्ये उभी राहील, तिच्याखाली इंजिन नसेल, आणि इंजिन बसवायच्या वेळी तीच केबिन परत उतरवावी लागेल. तोवर पेन्शनीतली शिल्लकही संपलेली असेल.

क्रम कुठला, हे खरं तर या गाडीनंच सांगून ठेवलंय. टाटांच्या टेल्को कंपनीनं मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला हे ट्रक काढायला सुरुवात केली. तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षं गिऱ्हाइकाच्या हाती यायची ती बहुतेक नुसती चासीच: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, बोनेट-मडगार्ड आणि समोरचा चेहरा. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसायचा, कान-तोंड मफलरनं गुंडाळायचा आणि उघड्या वाऱ्यात शेकडो मैल ती चालवत आणायचा. केबिन आणि मागचा माल भरायचा हौदा इथल्या सुतार-लोहारांनी नंतर बांधला. म्हणजे तुमचा ट्रक जन्माला आला तोच आधी चालता होऊन. तुम्हीही तोच क्रम धरा. उघडी चासी स्वतःच्या इंजिनावर परड्यात दहा फूट पुढं आणि दहा फूट मागं गेली आणि ब्रेक मारल्यावर थांबली, की सुताराला बोलवा. तोपर्यंत रंगाचा डबासुद्धा उघडायचा नाही.

आता पहिले दोन महिने. या काळात पाना उचलायचा नाही, वही उचलायची. तुम्ही शिक्षक, तेव्हा हे माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमेल. माडीवरचं सगळं सामान खाली आणा. घरातली बोलणी रास्त आहेत. माडीवर गिअरबॉक्स असलेल्या घरात मीही शांत बसलो नसतो. शेडमध्ये भिंतीला कप्पे करून घ्या आणि एकेक वस्तू पुसून, फोटो काढून, नंबर घालून ठेवा. काय आहे, काय मोडलंय, काय नाहीच, असे तीन रकाने. यादी पुरी होईपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका. थांबलेल्या कामावर परतलेला माणूस आधी दुकानात पळतो आणि घरी पडलेलीच वस्तू पुन्हा घेऊन येतो.

ते डालड्याचे डबे मात्र जपून ओता. जर्मन आराखड्याची गाडी, म्हणून मूळचे सगळे बोल्ट मिलिमीटरचे. पण ती रस्त्यावर धावली साठ-सत्तरच्या दशकांत, जेव्हा नाक्यावरच्या फिटरच्या पेटीत इंची पाने आणि इंची बोल्टच जास्त असायचे. एखादा बोल्ट हरवला की हाताला लागेल तो इंची बोल्ट जोर लावून आवळायचा, हा शिरस्ता. त्यामुळं तुमच्या डब्यात दोन्ही जाती मिसळलेल्या असणार. लेथवाल्याकडं आटे मोजायची पातळ दातेरी पानं मिळतात, एक संच घ्या. बोल्ट ब्रशनं साफ करायचा, दात आट्यांवर टेकवून उजेडात धरायचा. मधून उजेड दिसला नाही तर तो त्या मापाचा. १२ मिलिमीटरचा आणि अर्ध्या इंचाचा बोल्ट नुसत्या नजरेला भावासारखे दिसतात, पण एकाच्या भोकात दुसरा घातलात की दोन-तीन वेढ्यांतच आटे खलास. इंजिनाच्या ओतीव लोखंडात आटे गेले की ते परत पाडून घेणं हे महागडं काम. म्हणून हातानं सहज फिरत नाही तो बोल्ट पान्यानं फिरवायचा नाही, असा नियमच करून टाका. इंची निघतील ते वेगळ्या डब्यात ठेवा. फेकू नका, मडगार्डाच्या कुठल्यातरी भोकाला फिटरनं मागंच इंची आटे पाडलेले असतील.

इंजिनाकडं वळू. जाम म्हणजे मेलेलं नव्हे. तुमचं ३१२ मालिकेतलं सहा सिलिंडरचं प्री-चेंबर (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं) डिझेल इंजिन असणार, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), १२० स्ट्रोक (पिस्टनची धाव), ४,५८० सीसी. हळू फिरणारं, दणकट बांधणीचं. इतकी वर्षं उभं राहिल्यावर दोन-तीन सिलिंडरांत ओल शिरते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजून चिकटतात. सेल (स्टार्टर) मारून बघायचा मोह होईल, मारू नका. ट्रॅक्टरला बांधून ओढणं तर त्याहून वाईट. चिकटलेल्या पिस्टनवर तेवढा जोर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग सगळंच उघडावं लागतं.

डिझेल फवारणाऱ्या सहाही नोझल काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल निम्मं-निम्मं ओता. मग आठवडाभर विसरून जा. पुन्हा ओता, पुन्हा विसरा. त्यानंतर पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून अगदी थोडा जोर द्यायचा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. हललं तर केसभरच हलेल. तेवढ्यावर थांबायचं, परत तेल, परत दुसऱ्या दिवशी. पंधरवडाभर करूनही जागचं हललं नाही, तर हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवून आत बघायचं. सिलिंडरच्या भिंतीवर बोटाला लागतील असे खड्डे पडलेले असतील तर सिलिंडर आतून कातून देणाऱ्या बोअरिंगवाल्याकडं न्यावंच लागेल.

फिरायला लागलं तर लगेच सुरू करायची घाई नको. खालचं तेलाचं चेंबर उतरवा, तळाचा डांबरासारखा गाळ खरवडून काढा, तेल ओढायची जाळी धुवा, एक-दोन बेअरिंगच्या टोप्या काढून आतला पत्रा बघा. मग नवं तेल भरून, नोझल न बसवता, सेलनं नुसतं फिरवत राहा. ऑइल गेजचा काटा उठला की अर्धी लढाई जिंकलात.

पुढची गोष्ट पत्रातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा महत्त्वाची आहे. डिझेल पंप परस्पर बसवू नका. पंप-नोझलच्या वर्कशॉपमध्ये नेऊन पूर्ण खोलून, बेंचवर लावून घ्या. अशा उभ्या गाड्यांच्या पंपात जुनं डिझेल गोंदासारखं घट्ट होतं आणि आतली रॅक (किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी दांडी) एका जागी अडकते. ती जास्त डिझेलच्या बाजूला अडकली असेल, तर इंजिन सुरू होतं आणि मग थांबायचं नावच घेत नाही. आवाज चढत जातो, किल्ली फिरवून काही होत नाही, कारण डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडाशी एका माणसाला जाड सपाट फळी घेऊन उभा करा. आवाज हाताबाहेर जातोय असं वाटलं की त्यानं फळी दाबून हवा बंद करायची. हातानं किंवा कापडानं नाही. ते आत ओढलं जातं. हा माणूस चपळ हवा, आणि फोनवर व्हिडिओ काढणारा नको. मुलाला ते काम देत असाल तर दोघांपैकी कुठलं एक, ते आधीच ठरवा.

टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, टाकी आतून धुवा, रबरी नळ्या सगळ्या नव्या. मग फिल्टरपासून पंपापर्यंत नळ्यांत अडकलेली हवा काढत या. सुरू करताना इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग तपासून घ्या. प्री-चेंबरचं इंजिन सकाळच्या गारव्यात त्यांच्याशिवाय उठत नाही.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. रबर, नळी, पाइप, सगळं नवं. जुनं चालतंय असं वाटलं तरी.

चाकांबद्दल एक ताकीद. या गाडीच्या डिस्कवर टायर लोखंडी रिंगेनं अडकवलेला असतो. ती गंजलेली किंवा नीट न बसलेली असेल आणि तुम्ही हवा भरत गेलात, तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. जुने पंक्चरवाले तिच्यापासून बाजूला उभे राहतात ते उगीच नाही. रिंगेवर तडा किंवा खोल गंज दिसला तर ती बाद करा आणि चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरून घ्या. टायरवर नक्षी शाबूत दिसत असली तरी बाजूच्या भिंतीला भेगा असतील तर तो टायर परड्यात फिरण्यापुरताच.

सुट्या भागांची तुमची अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही, कारण तुम्ही राहता कुठं ते बघा. तासा-दीड तासावर कोल्हापूर आहे. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या एमआयडीसीत ओतकाम आणि लेथकाम करणाऱ्यांची कमी नाही. जुना तुटका भाग नमुना म्हणून नेला की तसाच ओतून, कातून देणारा माणूस तिथं सापडतो. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात जुना बाजार, हे आहेतच, पण तिथं यादी हातात घेऊन जा आणि यादीबाहेरचं काही घेऊ नका. (मी कुणाला हे सांगतोय! यादीबाहेरचं घेण्यासाठीच तर तिथं जायचं असतं. तरीही.)

मुलाचं टर्बो इंजिन आणि पॉवर स्टेअरिंग. त्याचा उत्साह मोडू नका, पण इंजिन बदलू नका. इंजिन नंबर आरसी बुकात आहे, माउंटिंग बदलणार, गिअरबॉक्सशी जुळवाजुळव येणार, चासीला कापाकापी होणार. आणि तुम्हाला हा ट्रक मुंबईला माल न्यायला थोडाच हवाय? जुन्या इंजिनाचा ब्लॉक फुटलेला निघाला, तरच त्या वाटेनं विचार करू. पोराला दुसरं काम द्या: पूर्ण वायरिंग. ते नवीनच करायचं आहे, त्याच्या डोक्याला खाद्यही आहे, आणि साठीतल्या माणसानं डॅशबोर्डखाली उलटं झोपायची गरज नाही.

कागदपत्रांचं मात्र आजच हाती घ्या, नट-बोल्टांच्याही आधी. गाडी वडिलांच्या नावावरच असणार. मालक वारल्यानंतर वारसानं नाव लावून घ्यायचा अर्ज फॉर्म ३१ वर होतो आणि तो खरं तर तीन महिन्यांत द्यायचा असतो. उशिराचा दंड पडेल, पडू दे. बाकीच्या वारसांची संमती लागेल, म्हणजे धाकट्या भावाचीही. गाडी उभी असल्याचं आरटीओला वेळच्या वेळी कळवलं नसेल तर कराची थकबाकीही निघू शकते, तीही विचारून घ्या.

२०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमाबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच: पन्नास वर्षांवरची गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. तो नियम खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी लिहिलेला आहे. मालवाहू म्हणून नोंदलेला सहा टायरचा ट्रक त्यात आपोआप बसत नाही. म्हणून गाडी रस्त्यावर आणायचं स्वप्न असेल, तर पैसे घालण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. त्या नियमातही गाडी रोजच्या वापराला नाहीच. प्रदर्शन, रॅली, डिझेल भरणं, दुरुस्ती, अशाच ठरावीक कामांसाठी. माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं रस्त्याचा विचारच सोडा. स्वतःच्या रानात, स्वतःच्या परड्यात फिरवायला कुणाची ना नाही.

चासी घासून रंगवली म्हणालात. तिच्यावरचा कोरलेला नंबर अजून वाचता येतो का, ते आजच्या आज बघा. रंगाखाली बुजला असेल तर हलक्या हातानं, रंग काढायच्या द्रावणानं मोकळा करा. ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून ठसा घ्या, आरटीओत तो मागतातच. घासलेला नंबर म्हणजे चोरीची गाडी, असा संशय घेणाऱ्याला तुम्ही कितीही सज्जन वाटलात तरी उपयोग नाही.

आता भाऊ. तुम्ही त्याच्याबद्दल जरा रागानं लिहिलंय. मला तो फारसा चुकीचा वाटत नाही. गेली दहा-बारा वर्षं घरच्यांनी या ट्रकचं भिजत घोंगडंच बघितलंय, आणि वडील त्याचेही होतेच की. हॉटेलवाल्याचा प्रस्ताव भंगारवाल्यापेक्षा लाखपट बरा. तुम्हाला मनातून हे काम नकोसं झालं असेल, नुसतं वडिलांच्या नावासाठी ओढत असाल, तर देऊन टाका आणि त्याची टोचणी लावून घेऊ नका. फक्त एवढं विचारा की गाडी छपराखाली राहणार की उन्हापावसात. उघड्यावर लाकडी हौदा चार पावसाळ्यांत जातो.

पण तुमच्या पत्रात गिअरबॉक्सच्या तिसऱ्या गिअरच्या आवाजाबद्दल पाऊण पान आहे (ते मी वर गाळलंय). नकोसं झालेला माणूस असं लिहीत नाही. तर भावाशी बसून मुदत ठरवा. दोन दिवाळ्या. तेवढ्यात चासी स्वतःच्या पायावर हलली तर ट्रक घरी राहील, नाही हलली तर हॉटेलवाल्याला फोन करायचा. कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, म्हणजे वारसाच्या संमतीचं कामही त्याच बैठकीत उरकेल. खर्चाचंही तसंच. महिन्याला पेन्शनीतून किती, तो आकडा सौभाग्यवतींना ठरवू द्या आणि तो संपला की त्या महिन्यापुरतं फक्त साफसफाईचं काम करायचं.

मेस्त्रींच्या जागी कोण? एकच माणूस शोधू नका, सापडणार नाही. पंपाला पंपवाला, बोअरिंगला बोअरिंगवाला, गिअरबॉक्सला एखादा निवृत्त एसटी मेकॅनिक. कऱ्हाड, सातारा, सांगलीच्या डेपोंत आयुष्य घालवलेली माणसं गावोगाव आहेत आणि त्यांना दुपारी काही काम नसतं. त्यांना मजुरीपेक्षा मान आणि वेळेवर चहा जास्त लागतो, तरी मजुरी द्याच.

केबिनच्या कुजलेल्या जुन्या लाकडातला एकही तुकडा चुलीत जाऊ देऊ नका. सुताराला मापाचा नमुना म्हणून तोच फर्मा. सांध्यांचे फोटो, खिडकीच्या चौकटीची मापं, छताचा बाक, सगळं आताच उतरवून ठेवा. ही केबिन जमशेदपूरची नाही, तुमच्याकडच्याच कुणा सुतारानं बांधलेली. तिचा नकाशा जर्मनीत मागितला तरी मिळायचा नाही.

बिल्ल्याचं सोपं आहे. टेल्को आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९, त्यामुळं १९६२ च्या गाडीला ताराच शोभतो. 'टी' नंतरचा. पण बाजारातून चकचकीत तारा आणण्याआधी पुढची जाळी उलटी करून जुन्या बिल्ल्याची भोकं बघा. तारा आणि 'टी' या दोन्हींची दिसली, तर वडिलांनी सत्तरच्या दशकात कधीतरी बिल्ला बदलला होता असं समजा. मग कुठला लावायचा ते भावाला विचारा; तेवढा एक निर्णय तरी त्याचा असू दे. आणि डिझेल पंपावरच्या पत्रीवर बॉश आहे की मायको (बॉशचीच तेव्हाची भारतातली कंपनी), आणि खाली काय नंबर आहे, ते कळवा. त्यावरून कुठल्या नोझल लागतील ते सांगता येईल.